गावाकडचं छोटं, कमी विजेत चालणारं घर: आराखडा कोणत्या क्रमाने करायचा

घर बांधून झालं की दोन प्रश्न हमखास येतात. छतावर काय लावू म्हणजे आत गार वाटेल? आणि किती किलोवॅटचं सौर पॅनेल बसवू म्हणजे बिल कमी येईल? दोन्हींना उत्तरं आहेत, पण खर्चिक. तोवर भिंती उभ्या राहिलेल्या असतात, खिडक्या उरलेल्या जागेत बसलेल्या असतात आणि झोपायची खोली नेमकी पश्चिमेला गेलेली असते.

गावाकडे चारी बाजूंनी मोकळी जागा असते. घराचं तोंड कुठे करायचं, झाड कुठे राखायचं, खिडकी कोणत्या भिंतीत ठेवायची हे आपल्या हातात असतं. तरीही फसतं, कारण क्रम उलटा होतो. आधी कुणाच्या तरी घराचा नकाशा उचलायचा, मग पाया खणायचा, मग स्लॅब, मग खिडक्या आणि शेवटी उकाड्याचा विचार. हा क्रम सुलटा करायचा: जागा, दिशा, गरज, मांडणी, छप्पर, भिंती, खिडक्या, चूल आणि गरम पाणी, विजेची उपकरणं आणि सगळ्यात शेवटी सौर पॅनेल. पुढचे टप्पे याच ओळीने घ्या. मधला एखादा गाळून पुढे गेलात, तर त्याची भरपाई नंतर विजेने करावी लागते.

खालची दिशांची सगळी माहिती विषुववृत्ताच्या उत्तरेकडच्या भागासाठी आहे. दक्षिण गोलार्धात दक्षिण आणि उत्तर यांची अदलाबदल करून वाचा.

## १. जागेची वही

नकाशावर पेन्सिल टेकवण्याआधी एक वही घ्या. शक्य असेल तर वर्षभर, नाहीतर निदान कडक उन्हाळ्याचा एक आठवडा आणि जोरदार पावसाचा एक आठवडा जागेवर नोंदी करा. सकाळी ७, दुपारी २ आणि रात्री ९ या तीन वेळा पुरेशा आहेत. लिहायचं एवढंच: सावलीतलं तापमान, वारा कुठून येतो, ऊन कुठे पडलंय, पाणी कुठून वाहतं.

वाऱ्यासाठी तीन-साडेतीन मीटरचा बांबू रोवा आणि टोकाला हलकी फीत बांधा. दिवसा एका दिशेने येणारा वारा रात्री दुसरीकडून येताना दिसेल. झोपायच्या खोलीला रात्रीचा वारा हवा असतो, आणि लोक नोंद करतात ती दिवसाच्या वाऱ्याची.

या वहीतून एक आकडा नक्की काढायचा: दिवसाचं सर्वाधिक आणि रात्रीचं सर्वात कमी तापमान यांतला फरक. हा फरक साधारण १० अंशांच्या वर असेल तर जाड, जड भिंती तुमच्या कामाच्या. फरक पाच-सहा अंशांचाच असेल आणि हवा दमट असेल, तर जाड भिंत रात्रभर गरम राहून त्रासच देईल. तिथे सावली आणि वारा यांवरच भिस्त ठेवावी लागेल. सातव्या टप्प्यावर हा आकडा लागणार आहे.

उताराची जागा असेल तर खोलगट भाग टाळा. पावसाचं पाणी तिकडे जातंच, शिवाय थंडीच्या रात्री गार, जड हवाही उतरून तिथेच साचते.

तपासा: जागेवर आधीपासून असलेल्या प्रत्येक मोठ्या झाडाची जागा, उंची आणि दुपारी ४ वाजताची सावली वहीत आहे का? बांधकामाला अडचण म्हणून पहिल्याच दिवशी जे झाड जातं, तेच बरेचदा पश्चिमेचं ऊन अडवणारं असतं.

## २. खरी उत्तर दिशा

मोबाईलमधलं किंवा हातातलं होकायंत्र चुंबकीय उत्तर दाखवतं. ती आणि खरी उत्तर यांत काही ठिकाणी नगण्य, तर काही ठिकाणी बऱ्याच अंशांचा फरक असतो. शिवाय जवळ लोखंडी सळया, पत्रा किंवा गाडी असेल तर काटा भलतीकडेच जातो. छज्जाचं गणित खऱ्या दिशेवर चालतं, म्हणून ती सावलीवरून काढा. एक दिवस लागतो आणि खर्च काहीच नाही.

जमिनीचा दोन-अडीच मीटरचा तुकडा सपाट करून घ्या. पाण्याची लेव्हल लावून बघा, नुसत्या नजरेवर विश्वास ठेवू नका. मधोमध एक मीटर उंचीची सरळ काठी रोवा आणि ओळंब्याने ती उभी आहे ना, हे दोन बाजूंनी पाहा. सकाळी ९-१० च्या सुमारास सावलीच्या टोकाशी खुंटी ठोका. आता काठीच्या बुंध्याला सुतळी बांधा, ती खुंटीपर्यंत ताणा आणि तेवढ्या अंतराचं वर्तुळ जमिनीवर फक्कीने आखा. दुपारपर्यंत सावली आखडत वर्तुळाच्या आत जाईल, मग पुन्हा लांबत जाईल. दुपारनंतर तिचं टोक वर्तुळाला ज्या क्षणी परत टेकेल, त्या ठिकाणी दुसरी खुंटी. दोन खुंट्यांना जोडणारी रेषा म्हणजे पूर्व-पश्चिम. सकाळची खुंटी पश्चिमेची. या रेषेला गुण्या लावून काटकोनात रेषा काढली की दक्षिणोत्तर मिळाली.

दोन्ही रेषांच्या टोकांना पक्के दगड पुरून ठेवा. पाया आखताना गवंडी बांधाच्या किंवा रस्त्याच्या रेषेने सुतळी लावतो आणि घर दहा-पंधरा अंश फिरतं. दगड असतील तर ते लगेच लक्षात येतं.

## ३. सूर्य किती उंच येतो

तीन आकडे काढून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. तुमच्या ठिकाणचा अक्षांश मोबाईलच्या नकाशात सापडतो.

- २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास दुपारी सूर्याची उंची: ९० वजा अक्षांश.
- २२ डिसेंबरच्या सुमारास: वरच्या उत्तरातून आणखी २३.५ वजा.
- २१ जूनच्या सुमारास: पहिल्या उत्तरात २३.५ मिळवा. बेरीज ९० च्या वर गेली, तर सूर्य डोक्यावरून ओलांडून उत्तरेकडे झुकलाय असं समजा.

उदाहरणार्थ अक्षांश २० असेल तर मार्चमध्ये ७० अंश, डिसेंबरमध्ये ४६.५ अंश. जूनमध्ये बेरीज ९३.५ येते, म्हणजे सूर्य उत्तर बाजूला साडेतीन अंश कललेला. उन्हाळ्यात उत्तरेच्या खिडकीतून सकाळ-संध्याकाळ ऊन का येतं, याचं उत्तर यातच आहे. उत्तरेला ऊन येतच नाही असं धरून तिथे उघडी मोठी काच लावणं ही नेहमीची चूक.

## ४. गरज आधी, चौरस मीटर नंतर

खोल्यांची यादी करू नका. दिवसभरात कोण, कुठे, किती वेळ काय करतं ते लिहा. झोपणं, स्वयंपाक, अभ्यास, धान्य ठेवणं, अवजारं, आजारी माणसाला दुपारी पडायला जागा. मग कोणती दोन कामं एकाच जागेत होतात ते बघा. वर्षातून चार दिवस येणाऱ्या पाहुण्यांसाठी बांधलेली खोली उरलेले दिवस तापते, धूळ खाते आणि छपराचा खर्च मात्र पूर्ण घेते. त्याऐवजी रुंद, झाकलेली ओसरी बांधा. ती पाहुण्यांनाही पुरते आणि भिंतीलाही सावली देते.

आकारही मोजून ठरवा. ३६ चौरस मीटरचं घर ६ बाय ६ असेल तर बाहेरच्या भिंतीची लांबी २४ मीटर होते, ४ बाय ९ ला २६ आणि ३ बाय १२ ला ३०. भिंत जितकी लांब, तितका उष्णतेला आत-बाहेर जायला रस्ता मोठा. थंड प्रदेशात म्हणूनच चौकोनी, आटोपशीर घर बरं. दमट, उकाड्याच्या जागी मात्र लांबट आणि अरुंद घर चांगलं, कारण प्रत्येक खोलीत आरपार वारा मिळतो. कोपरे, खाचा आणि पुढे-मागे काढलेल्या भिंती दोन्हीकडे नुकसानीच्या.

तपासा: आराखडा जागेवर फक्कीने खऱ्या मापात आखा. त्यात खाट ठेवा, दाराच्या जागेतून ये-जा करा, स्वयंपाकाच्या ओट्याशी उभं राहा. कागदावर लहान वाटलेली खोली जमिनीवर पुरेशी निघते, आणि कधी याच्या उलटही होतं. हे करायला अर्धा दिवस जातो आणि त्यात बरेचदा एखादी भिंत वाचते.

## ५. कोणती खोली कुठे

घराच्या लांब बाजू दक्षिण आणि उत्तरेकडे तोंड करून ठेवा, आखूड बाजू पूर्व-पश्चिमेला. दक्षिणेचं ऊन वरून येतं, साध्या छज्ज्याने अडतं. पूर्व-पश्चिमेचं ऊन तिरपं येतं आणि ते छज्ज्याखालून सरळ आत शिरतं.

पश्चिमेच्या भिंतीला कोठार, न्हाणी, संडास, जिना, अवजारांची खोली लावा. या खोल्यांत माणूस बसून राहत नाही. त्या तापल्या तरी मागची राहती खोली वाचते. झोपायची खोली पूर्वेला किंवा उत्तरेला.

स्वयंपाकघर वाऱ्याच्या उतरत्या बाजूला, म्हणजे वारा घरातून शिरून शेवटी स्वयंपाकघरातून बाहेर पडेल असं. उलट झालं तर चुलीची उष्णता आणि धूर सगळ्या घरात फिरतो. स्वयंपाकघर आणि न्हाणी शेजारी-शेजारी घेतली की गरम पाण्याचा नळही आखूड राहतो.

गोठा, पत्र्याची शेड आणि पाण्याची टाकी वहीतल्या रात्रीच्या वाऱ्याच्या वाटेवर येऊ देऊ नका. घर नीट आखून नंतर शेड मात्र मिळेल तिथे ठोकलेली मी वारंवार पाहिली आहे. मग खिडकी उघडी असूनही पडदा हलत नाही.

## ६. छप्पर: इथे पैसे वाचवू नका

एकमजली छोट्या घरात उन्हाळ्यात सर्वाधिक ऊन झेलतं ते छप्पर. दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो, त्या वेळी भिंतींवर ऊन निसटतं पडतं आणि छपरावर सरळ. पैसे थोडे असतील तर आधी छपरावर घाला, मग पश्चिमेच्या भिंतीवर, बाकीचं त्यानंतर.

पत्रा असेल तर एकट्या पत्र्याखाली राहू नका. वरून खाली थर असे: फिक्या रंगाचा पत्रा, त्याखाली हवेची पोकळी, मग उष्णता अडवणारा थर, मग छत. पोकळीला वळचणीशी हवा आत यायला आणि आढ्याशी बाहेर जायला वाट हवी. दोन्ही टोकं बंद केलीत, तर तापलेली हवा तिथेच कोंडून राहते. वाटांना बारीक जाळी लावा, नाहीतर उंदीर आणि पाखरं मुक्कामाला येतात.

चकचकीत फॉइल वापरणार असाल तर एक गोष्ट नीट समजून घ्या. फॉइल काम करतं ते समोरच्या मोकळ्या हवेमुळे. त्याची चमकती बाजू निदान दोन-अडीच सेंटिमीटरच्या पोकळीकडे असावी लागते. चमकती बाजूच पत्र्याला चिकटवून टाकलेलं फॉइल उष्णता तशीच खाली सोडतं. चमकती बाजू वरच्या दिशेला ठेवली तर तिच्यावर धूळ बसून काही वर्षांत गुण कमी होतो, म्हणून पोकळी खाली ठेवून चमक खाली करणं टिकाऊ पडतं.

स्लॅब असेल तर उष्णतारोधक थर स्लॅबच्या वर घाला. खालून घातला तर स्लॅब दिवसभर तापतच राहतो, उन्हाने फुगतो-आकसतो आणि त्याला तडे जायची शक्यता वाढते. क्रम असा: स्लॅब, जलरोधक थर, उष्णतारोधक थर, त्यावर उताराचा कोबा आणि शेवटी पांढरा पृष्ठभाग. पांढरा रंग स्वच्छ असेपर्यंतच ऊन परत फेकतो. दर उन्हाळ्याच्या तोंडाशी छत झाडून, धुऊन घ्यायला हवं. चुन्याची सफेदी दरवर्षी करावी लागेल, हे आधीच मनाशी धरा.

कौलारू छपराला फटींतून आपोआप हवा खेळते, ही चांगली बाजू. थंड प्रदेशात तीच गोष्ट अडचण होते, तिथे कौलांखाली फळ्यांचं किंवा जाड थराचं छत लागतंच.

सावधान: छपराचा आडवा छेद, म्हणजे थर कापून दाखवणारं चित्र, मापांसह काढून घेतल्याशिवाय काम सुरू करू देऊ नका. "करू बरोबर" या शब्दांवर पोकळी राहत नाही.

## ७. भिंती

पहिल्या टप्प्यातला तापमानाचा फरक आता काढा.

फरक मोठा असेल तर जड भिंत घ्या: वीट, दगड, दाबून केलेल्या मातीच्या विटा. जड भिंतीतून उष्णता हळू सरकते. २३ सेंटिमीटरच्या विटांच्या भिंतीला बाहेरची उष्णता आत पोचवायला साधारण सहा ते आठ तास लागतात. आता हिशोब करून बघा. पश्चिमेची भिंत दुपारी ४ ला सर्वाधिक तापते, तर आतून ती गरम लागेल रात्री १० ते १२ च्या दरम्यान, ऐन झोपेच्या वेळी. उशाला हात लावला की चटका बसावा, अशी ती भिंत असते. पूर्वेच्या भिंतीचं उलट: सकाळी ९ ची उष्णता दुपारी ३-५ ला आत येते आणि रात्रीपर्यंत ती बरीच निवलेली असते. पाचव्या टप्प्यातली मांडणी या हिशोबावरच उभी आहे.

फरक लहान आणि हवा दमट असेल तर हलक्या भिंती, रुंद वळचण आणि भरपूर उघडी दारं-खिडक्या. तिथे भिंतीपेक्षा सावलीवर खर्च करा.

थंड प्रदेशात भिंत उष्णता बाहेर जाऊ देणार नाही अशी हवी. हवेच्या सूक्ष्म पोकळ्या असलेले हलके ब्लॉक, ज्यांना एएसी ब्लॉक म्हणतात, त्यांतून साध्या विटेच्या मानाने साधारण चौथा हिस्सा उष्णता जाते. वेगळा रोधक थर लावणार असाल तर तो भिंतीच्या बाहेरून लावा. आतली जड भिंत दिवसा उष्णता साठवते आणि रात्री खोलीलाच देते.

विटा कमी लागाव्यात म्हणून त्या कडेवर उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवण्याची पद्धत आहे, तिला रॅट ट्रॅप बाँड म्हणतात. सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि मधल्या हवेमुळे उष्णताही अडते. पण गवंड्याला ती येत असली पाहिजे. आधी एक मीटर लांबीची चाचणीची भिंत बांधून घ्या. पोकळीत मसाला पडून ती भरली तर दोन्ही फायदे गेले.

ओल हा इथला खरा शत्रू. ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा उष्णता जास्त वाहते आणि गिलावाही सोडते. जोतं आजूबाजूच्या जमिनीपासून पुरेसं उंच, जोत्यावर ओल अडवणारा थर आणि पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील एवढी वळचण, या तीन गोष्टी कुठल्याही भिंतीला हव्याच. मातीच्या भिंतीला तर त्याशिवाय गत्यंतर नाही.

जमिनीचं काय? उष्ण प्रदेशात फरशी थेट भरावावर असू द्या, खालची माती गार असते. थंड प्रदेशात जोत्याच्या कडेला रोधक थर लावावा लागतो, तिथूनच सर्वाधिक उष्णता निसटते.

## ८. खिडक्या, छज्जे, झरोके

खिडकीची तीन कामं: उजेड, वारा, ऊन. तिन्हींसाठी एकच माप लावायला गेलं की चुकतं.

आधी दक्षिणेचा छज्जा. तिसऱ्या टप्प्यातली मार्चची उंची घ्या. अक्षांश २० चं उदाहरण पुढे चालवू. ७० अंशांचा सूर्य असताना ४५ सेंटिमीटर पुढे आलेला छज्जा खाली सुमारे १२३ सेंटिमीटर सावली पाडतो. म्हणजे छज्ज्यालगत सुरू होणारी १२० सेंटिमीटर उंचीची खिडकी पूर्ण सावलीत राहिली. डिसेंबरमध्ये त्याच छज्ज्याची सावली फक्त ४७ सेंटिमीटर पडते आणि खिडकीच्या खालच्या ७३ सेंटिमीटरमधून ऊन आत येतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी सावली आणि हिवाळ्यात ऊन, एकाच छज्ज्यातून. गणित सोपं आहे: सावलीची लांबी म्हणजे छज्जाची रुंदी गुणिले सूर्याच्या उंचीचा टॅन्जंट. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरमध्ये 'टॅन' असतं.

२१ मार्चला दक्षिणेच्या भिंतीवर ही सावली सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेवढीच खोल राहते, फक्त आडवी सरकते. म्हणून छज्जा खिडकीच्या दोन्ही बाजूंनी निदान ३०-४० सेंटिमीटर जास्त काढा. खिडकीच्या रुंदीएवढाच छज्जा सकाळी एका कोपऱ्यातून आणि दुपारनंतर दुसऱ्या कोपऱ्यातून ऊन सोडतो.

पश्चिमेला हे गणित मोडतं. दुपारनंतर सूर्य ३० अंशांवर उतरला की १२० सेंटिमीटरच्या खिडकीला सावली द्यायला दोन मीटरहून जास्त छज्जा लागेल. तिथे खिडकी लहान ठेवा आणि बाहेरून कवाड, उभ्या पट्ट्या, बांबूची चटई किंवा वेलीचा मांडव लावा. आतला पडदा उजेड अडवतो, पण काचेतून आत आलेली उष्णता तोवर खोलीतच असते. सावली नेहमी काचेच्या बाहेर हवी.

आता वारा. प्रत्येक राहत्या खोलीला दोन वेगवेगळ्या भिंतींत उघडी जागा हवी, एक वारा यायला आणि एक जायला. जायची जागा यायच्या जागेएवढी किंवा थोडी मोठी. येणारा वारा अंगाला लागला पाहिजे, म्हणून झोपायच्या खोलीत खिडकीचा तळ खाटेच्या उंचीच्या आसपास ठेवा. सुरक्षेला गज लावा, पण तळ वर चढवू नका.

सरकत्या खिडकीचा अर्धाच भाग उघडतो. १२० सेंटिमीटर रुंदीचे पैसे द्यायचे आणि ६० सेंटिमीटर वारा घ्यायचा. बिजागरीची, बाहेर उघडणारी खिडकी वारा पूर्ण घेते, शिवाय तिचं दार वाऱ्याला आत वळवतंही. डासांच्या जाळीमुळे वारा बराच कमी होतो, तेव्हा जाळी लावणार असाल तर खिडकी त्या मानाने मोठी धरा.

छताशी, आढ्याच्या जवळ झरोके ठेवा. गरम हवा वर चढते आणि तिथून बाहेर पडते. पण खाली हवा आत यायला वाट असेल तरच. वर-खालचं अंतर जितकं जास्त, तितकी ओढ जास्त, त्यामुळे दाराच्या चौकटीवरचा झरोका आढ्याशेजारच्या झरोक्याची बरोबरी करू शकत नाही. थंड प्रदेशात झरोक्याला बंद होणारं झाकण हवंच.

सावधान: खिडकीचं माप आराखड्यात असतं आणि जागेवर गवंडी विटांच्या सोयीने ती सरकवतो. लिंटेल, म्हणजे खिडकीवरची काँक्रीटची आडवी पट्टी, घालण्याआधी प्रत्येक खिडकीचं माप, तळाची उंची आणि जागा स्वतः टेपने मोजा.

## ९. चूल आणि गरम पाणी

लाकडाची चूल असेल तर धुराडं छपरातून बाहेर पडतं तिथे निदान ९० सेंटिमीटर वर काढा, आणि ३ मीटरच्या आत असलेल्या छपराच्या कुठल्याही भागापेक्षा ते निदान ६० सेंटिमीटर उंच असू द्या. कमी राहिलं तर वारा धूर परत आत ढकलतो.

सावधान: थंडी अडवायला सगळ्या फटी बंद केलेल्या घरात धुराड्याशिवाय चूल, शेगडी किंवा कोळसा कधीही पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतला माणूस उठत नाही.

गरम पाण्याचा हिशोब लोक करतच नाहीत. १०० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला जवळपास २.९ युनिट वीज लागते. पुढच्या टप्प्यात छोट्या घराच्या बाकीच्या सगळ्या वापराची बेरीज येईल, तिच्याशी हा आकडा ताडून पाहा. म्हणून पाणी उन्हावर तापवायचा बंब आधी आणि विजेचं पॅनेल नंतर. बंबाची टाकी न्हाणीच्या जवळात जवळ आणि नळावर रोधक आवरण. लांबचा उघडा नळ असेल तर रोज सकाळी पहिली बादली गारच येते.

## १०. विजेचा तक्ता, मग पॅनेल

उपकरण, वॅट, रोजचे तास, असा तक्ता करा. नमुना असा:

- ९ वॅटचे ६ एलईडी दिवे, ५ तास: २७० वॅट-तास
- ३० वॅटचे ३ बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे, १० तास: ९०० वॅट-तास
- छोटा फ्रिज: सुमारे ८०० वॅट-तास
- टीव्ही, मोबाईल, इतर: २५०
- पाण्याचा पंप, १ किलोवॅट, अर्धा तास: ५००

बेरीज २,७२०, म्हणजे रोज सुमारे २.७ युनिट. हेच तीन पंखे जुने, ७५ वॅटचे असतील तर एकट्या पंख्यांचे २,२५० होतात आणि बेरीज चार युनिटच्या वर जाते. पंखे बदलणं आधी परवडतं, मोठं पॅनेल नंतर. पंखा खोली गार करत नाही, अंगावरचा घाम वाळवतो. खोलीतून उठताना तो बंद करायचा, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

भरपूर ऊन असलेल्या ठिकाणी १ किलोवॅटचं पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिट देतं. ढगाळ दिवसांत बरंच कमी. तक्त्यावर थोडी वाढ धरून क्षमता ठरवा. दिशा दक्षिण, कल साधारण अक्षांशाएवढा. एका पॅनेलवर फांदीची सावली पडली तरी एका ओळीत जोडलेल्या सगळ्यांचं उत्पादन घसरू शकतं, म्हणून पहिल्या टप्प्यातली झाडांची नोंद इथे परत उघडा. पॅनेल आणि छप्पर यांत १०-१५ सेंटिमीटर पोकळी ठेवली तर पॅनेलही कमी तापतं आणि छपराला सावलीही मिळते.

बॅटरी घेताना डब्यावरचा आकडा पूर्ण धरू नका. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १.८ युनिट मावतात, पण शिसं-आम्लाची बॅटरी निम्म्यापेक्षा खाली उतरवत राहिलात तर ती लवकर मरते. हिशोबाला ०.९ च धरा. पंप इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर आधी इलेक्ट्रिशियनला विचारा: सुरू होताना मोटर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. पंप दुपारी उन्हात चालवून टाकी भरून ठेवली तर बॅटरीवर भार येतच नाही.

## ११. बांधकाम चालू असताना कुठे थांबायचं

पाया आखल्यावर, खणण्याआधी: पुरलेले दगड आणि सुतळी जुळते का.

जोत्यावर: ओल अडवणारा थर सलग आहे का, कोपऱ्यात तुटलाय का.

लिंटेलचं सेंट्रिंग (काँक्रीटचा साचा) ठोकल्यावर, काँक्रीट ओतण्याआधी: छज्जाची रुंदी आणि बाजूची वाढ टेपने मोजा. ओतल्यावर काही करता येत नाही.

छपराचे थर पडताना: दिवसभर जागेवर राहा, थरांचे फोटो काढा. झाकलेला थर नंतर कुणी दाखवू शकत नाही.

## १२. पहिला उन्हाळा

राहायला गेल्यावर लगेच एसी घेऊ नका. दोन साधे तापमापक आणा, एक आत, एक बाहेर सावलीत. दिवस-रात्रीचा फरक मोठा असलेल्या ठिकाणी बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा वर गेला की खिडक्या आणि कवाडं बंद करा, खाली आला की सगळं उघडा. रात्रभर आलेली गार हवा जड भिंती निववते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच भिंती घर गार ठेवतात. बरेच जण नेमकं उलट करतात: दुपारी वारा यावा म्हणून उघडं आणि रात्री बंद.

रात्री १० वाजता प्रत्येक भिंतीला आणि छताला आतून हात लावून बघा, वहीत लिहा. छत गरम असेल तर आधी तिथे उपाय करा. पश्चिमेची भिंत गरम असेल तर तिच्यापासून २० सेंटिमीटरवर तारांची जाळी उभी करा आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला पायथ्याशी वेल लावा. वेल भिंतीवर थेट चढू देऊ नका, मधून हवा वाहिली पाहिजे. खिडकीसमोर फरसबंदी केली असेल आणि दुपारी तिची झळ आत येत असेल, तर तेवढा पट्टा उखडून तिथे गवत किंवा झुडपं लावा. त्यानंतर परत पंधरा दिवस नोंदी घ्या आणि मगच पुढचा खर्च ठरवा.